मढं बोललं तर...

अमेरिकी कथांमध्ये बापाचा अंत्यसंस्काराचा धंदा वारसाकडे आला, की शववाहिनीसोबत एक सिद्धीही पदरात पडते: मढी त्याच्याशी बोलू लागतात. ‘सिक्स फीट अंडर’ (२००१-०५) या मालिकेत फिशर बंधूंशी मेलेली गिऱ्हाइकं निवांत गप्पा मारतात. विषय काय, तर प्रेम, पश्चात्ताप, आयुष्याचा अर्थ. ‘साधी लाकडी पेटी चालली असती, ही मखमली अस्तराची कोणी गळ्यात मारली?’ असं काही कोणी खडसावत नाही. तो प्रश्न प्रत्यक्षात १९६३ साली पत्रकार जेसिका मिटफर्डबाईंना पुस्तक लिहून विचारावा लागला, आणि दरपत्रक गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा, हे सांगायला १९८४ साली सरकारी नियम आला. मढी खरंच बोलू लागली, तर आधी टाळूवरच्या लोण्याचा हिशेब मागतील. तेवढंच नेमकं ऐकू न येणं, हीच या धंद्यातली खरी वडिलोपार्जित सिद्धी!