स्थळं जमवणारा प्रकाशक

"वहिनी, ऐकलं का? खालच्या गल्लीतली ती डी.एड. झालेली पोरगी कविता करते म्हणे. देहवाली बोलीत. आणि आता पुस्तक काढायचंय तिला."

आमचुराच्या फोडी उलट्या करायचं सोडून वहिनी कुंपणाशी आल्या. "पुस्तक? अक्कलकुव्यात? बाई, इथला छापखाना लग्नपत्रिका नि पावतीबुकं छापतो."

"तिची आईही तेच म्हणते. वर म्हणते, कविता पुरे, आता स्थळ बघा. मी म्हटलं, विलास वाघ सर असते तर दोन्ही कामं एकाच घरात झाली असती."

"कोण हे?"

"पुण्याच्या सुगावा प्रकाशनाचे. पण मूळचे आपल्या धुळ्याकडचे, मोराण्याचे. त्यांचं नि उषाताईंचं लग्न आंतरजातीय. स्वतःचं झालं म्हणून थांबले नाहीत हो! इतरांची लावायला मिश्रविवाहांची संस्थाच काढली, 'परिवर्तन' नावाची. इकडे फुले-आंबेडकरांवरची पुस्तकं, 'सुगावा' मासिक. तिकडे जातीबाहेरची स्थळं."

"अगं बाई! म्हणजे हस्तलिखित घेऊन गेलेला जावई होऊन परतायचा?"

"झालंही असेल. मी काही वऱ्हाडात नव्हते."

वहिनी हसल्या, पण लगेच मुद्द्यावर आल्या. "त्यांनी आपल्याकडच्या कुणाचं छापलं का?"

"छापलं ना! वाहरू सोनवणे. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतले. १९८७ साली त्यांची 'गोधड' सुगावानंच काढली. भिली नि मराठी, दोन्ही त्यात."

"वाहरूभाऊंचं नाव माहीत आहे. मोर्चातला माणूस. पुस्तकाचं नव्हतं माहीत."

माझं मत विचाराल तर गोम इथेच आहे. मोर्चा साऱ्या तालुक्यानं पाहिला, पुस्तक मात्र पुण्या-मुंबईच्या कपाटात गेलं. वहिनींना हे बोलून दाखवलं नाही, पण त्यांना ते आधीच कळलं असावं.

"काय लिहिलंय त्यात?"

"'स्टेज' नावाची एक कविता आहे. सभा आपल्यासाठी, पण स्टेजवर आपल्याला कुणी बोलवत नाही. वर बसलेले आपलंच दुःख आपल्याला समजावून सांगत राहतात, असा तिचा रोख."

"मग त्यात कविता काय? हे तर दर मेळाव्यात होतं. वर मंडप, आपण उन्हात."

"तेच तर त्यांनी लिहिलं! आणि ती इंग्रजीत कुणी नेली माहितेय? गेल ऑम्व्हेट नि भारत पाटणकर, नवरा-बायकोनं. गेल जन्मानं अमेरिकेची, चळवळींचा अभ्यास करायला आली नि सांगलीकडच्या कासेगावची सून होऊन राहिली."

"म्हणजे इथेही लग्नच! तुमचं हे साहित्य आहे की सोयरीक?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. छोट्या प्रकाशनाचं चालतंच असं. मानधन नसतं, खप नसतो. मग हस्तलिखित वाचायला, प्रुफं तपासायला, भाषांतर करायला कोण येणार? ज्यांचं एकमेकांच्या घरी चहापाणी आहे, तेच. यात गोतावळ्याबाहेरचा माणूस बाहेरच राहायची भीती असते, हेही खरंच. पण पगारी संपादक ठेवून 'गोधड' निघाली असती, असं मला तरी वाटत नाही.

"आता आहेत का ते वाघ सर?"

"२०२१ च्या मार्चमध्ये गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेलताईही गेल्या."

थोडा वेळ दोघी गप्प. मग वहिनींनी विचारलं, "मग पोरीनं जायचं कुठं? पुण्याला कोण नेणार तिला?"

"पुणंच कशाला? बडोदा जवळ नाही का आपल्याला? तिथं गणेश देवींनी १९९६ साली 'भाषा' संस्था काढली. त्यांचं 'ढोल' मासिक आदिवासींच्या आपापल्या बोलींतून निघायचं. देहवालीतही निघालं."

"देहवालीत मासिक? आणि आम्हाला पत्ता नाही!"

"पुढे देवींनी देशभरातल्या भाषांची पाहणी केली, ७८० भाषा मोजल्या. त्यातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखड्यांनी संपादित केला. त्यांचंही पुण्यात छोटंसं प्रकाशन, पद्मगंधा. तेही २०२२ च्या जानेवारीत गेले. आता सांगा, एवढा जाडजूड खंड घेतो कोण? वाचनालयं. तरी काढला माणसानं."

"ते असू द्या. पोरीच्या कविता तुम्ही वाचल्या?"

"वाचल्या. छान आहेत."

"तुम्हाला देहवाली कितपत येते, बाई?"

"बाजारापुरती."

"मग छान आहेत हे कशावरून?" वहिनींनी पदराला हात पुसले. "संध्याकाळी वही घेऊन पाठवा तिला माझ्याकडे. पुण्या-बडोद्याला जायच्या आधी मी ऐकते. चुका मात्र काढीन, तिच्या आईला रडत सांगत गेली तर मला बोल नको."