वशिल्याचं तेल

नानांची हयात साखर कारखान्याच्या केनयार्डात गेली. कोणाची गाडी आधी आणि कोणाची मागून, ते लिहिलेली वही त्यांच्या काखेत असायची. निवृत्तीला वही जमा करावी लागली, सवय तेवढी घरी आली. आता नाना लोकांच्या ताटातल्या पदार्थांचे नंबर लावतात.

असा एक माणूस श्रीरामपुरात गल्लीगल्लीत सापडेल. डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीतली दोन जेवणं आणि ५५ मिनिटं नानांनी घड्याळ लावून पाळली. मग आहारतज्ज्ञ दिवेकर वाचल्या आणि तूप सुरू झालं. काही महिने दोन्ही पंथ एकदम चालले, म्हणजे ५५ मिनिटं तूप. पुढे पुण्याच्या मुलाने एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या तेलाची बाटली आणली. तेव्हापासून थत्ते मैदानावर सकाळी चालायला जाणं जोखमीचं झालं आहे.

"रात्री काय जेवलात?"

"भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर थोडं तेल."

"मग अडकलं यार्डात!"

आणि नाना सुरू होतात. "शेंगदाण्याचं तेल म्हणजे गरीब सभासदाचा ऊस. लांब साखळी, १६-१८ कार्बन. आतड्यात आलं की आधी पित्त पाहिजे, मग स्वादुपिंडाचा रस. तुकडे होऊन पेशीत शिरलं की तिथं पुन्हा जोडाजोड, त्यावर प्रथिनाचं वेष्टण. एवढं करून रक्तात सोडतात का? नाही! लसिकावाहिनीतून छातीभर वर चढायचं आणि डाव्या खांद्यापाशी शिरेत उतरायचं. आणि हे," इथे खिशातून बाटली निघते, "हे ८ आणि १० कार्बनचं. चेअरमनच्या जावयाचा ऊस! स्लिपबॉयची चिठ्ठी नको, वेष्टण नको. आतड्यातून निघालं की सरळ यकृताच्या शिरेत. पेशीच्या भट्टीत शिरायला बाकीच्यांना कार्निटाइनचा पास लागतो, ह्याला बहुतेक वेळा तोही कोणी विचारत नाही. आलं की टाक गव्हाणीत, गाळप सुरू!"

शास्त्र म्हणून यात खोट काढता येत नाही, हीच पंचाईत आहे. फक्त जावयांच्या गाड्या पुढे जाताना ज्याने जन्मभर दातओठ खाल्ले, त्याला म्हातारपणी वशिल्याच्याच तेलाचं एवढं प्रेम का यावं, हे विचारायची सोय नाही.

चालणाऱ्यांत एक डॉक्टर आहेत. ते एकदा म्हणाले, "नाना, हे आजाऱ्याचं तेल आहे. स्वादुपिंड थकलंय, लसिकावाहिनी फुटून छातीत गळतेय, अपुऱ्या दिवसांचं बाळ आहे, अशांसाठी. अपस्माराच्या काही मुलांच्या आहारातही देतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली."

"माझंही स्वादुपिंड थकलंच असेल की."

"परवाच्या पंगतीत तुमच्या पानात जिलेबी किती वेळा आली, मी मोजत होतो."

नाना दोन फेऱ्या गप्प होते.

बाटलीची किंमत कळल्यावर काकूंनी साधं खोबरेल आणून पुढ्यात ठेवलं. नानांनी ते वाकडी नजर करून पाहिलं. "यात निम्मं लॉरिक. १२ कार्बन. नाव मध्यम साखळीचं, पण शरीरात बरंचसं लांब रांगेतच उभं राहतं." हेही खरं. मग शोध लागला की गाईपेक्षा शेळीच्या दुधात ८ आणि १० कार्बनवाले जास्त. संगमनेरी शेळी तर आपल्याच जिल्ह्यातली! नाना गावाबाहेर एका शेळीवाल्या आजींकडे गेले आणि त्यांना कॅप्रिलिक आम्ल समजावून सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "आसंल बाबा. तांब्या आणलाय का?"

नाना तांब्याशिवायच गेले होते.

बाटलीवरचा आकडा त्यांना आणखी पटला: साध्या तेलात ग्रॅममागे ९ कॅलरी, यात ८.३. फरक एवढुसा, पण नानांनी त्याचा अर्थ 'चार चमचे चालतील' असा लावला. राहुरीला लग्न होतं. निघताना चहात चार चमचे एकदम. चहावर तेलाचे डोळे तरंगत होते, ते नानांनी फुंकून बाजूला केले आणि कप रिकामा केला. असं तेल रिकाम्या पोटी भरपूर गेलं की आतडं पाणी ओढतं, मुरडा येतो, पुढचं सांगायला नको. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नाना कार्यालयाच्या मागच्या बाजूला होते. तिथे एकच दार, आणि दाराशी वऱ्हाडातली सात-आठ माणसं. "जरा मला आधी," असं नाना म्हणताहेत हे त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी ऐकलं. कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मात्र आवाज तोच. "तेलाचा दोष नाही. एकदम आवक झाली, यार्ड तुंबलं. नियोजन चुकलं."

आता एकच चमचा, तोही जेवणाबरोबर. बाटली काकूंच्या कपाटात असते, किल्ली त्यांच्या कमरेला. आणि काकूंचा शिरस्ता असा की आधी पोळ्या उरकायच्या, मग ओटा पुसायचा, मग कपाट.