माळरानावरची खोली

मंगोलियाची लोकसंख्या साधारण 35 लाख. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या आपल्या मुंबई शहर जिल्ह्याची, 2011च्या जनगणनेप्रमाणे, 31 लाखांच्या आसपास. म्हणजे माणसं जवळपास तेवढीच; फरक फक्त जागेचा. आपण ती 157 चौरस किलोमीटरमध्ये बसवली आहेत, त्यांना साडेपंधरा लाखांहून जास्त मिळाले आहेत. दहा हजार पट! संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर दोन्हीकडून दाबला गेलेला माणूस हा भागाकार करील, तर तो तिकीट काढल्याशिवाय राहणार नाही. मी काढलं.

चाळीत वाढलेल्या माणसाला मोकळ्या जागेची ओढ असते, असं ज्यांना वाटतं ते चाळीत वाढलेले नसतात. गाडीने डांबरी रस्ता सोडला आणि ती गवतावरच्या चाकोऱ्यांना लागली, तेव्हा मला चक्क धडकी भरली. झाड नाही, खांब नाही, पाटी नाही. आमच्या गटातल्या एका काकूंनी गाईडला हळूच विचारलं, "इथे आडोसा कुठे आहे?" त्याने हात लांब करून सगळं क्षितिज दाखवलं. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आम्ही टमरेल घेऊन रांगेत उभे राहिलो, पण रांगेच्या शेवटी दार तरी होतं. इथे रांग नव्हती आणि दारही नव्हतं. काकूंनी शेवटी छत्री उघडली.

पण खरी गंमत गेरमध्ये शिरल्यावर आली. गेर म्हणजे त्या लोकांचं गोल, नमद्याचं घर. लाकडी जाळीच्या भिंती, वर दांड्यांचं छप्पर, माथ्याला धूर जायला आणि ऊन यायला झरोका. माहीतगार हातांना ते उभारायला दोन-तीन तास पुरतात. आम्ही उतरलो होतो त्या गेरचा व्यास अंदाजे अठरा फूट. मुंबईकराला कुठेही कार्पेट एरिया काढल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी मनातल्या मनात काढला: अडीचशे चौरस फूट. आमची चाळीतली खोली एकशे साठची! जगातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या देशात, दारासमोर अख्खं माळरान पडलेलं असताना, आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं आमच्यापेक्षा जेमतेम नव्वद चौरस फुटांनी मोठ्या खोलीत राहत होती.

कारण साधं आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. चूल एक, म्हणून खोली एक. शिवाय वर्षातून काही वेळा घर मोडून उंटावर नाहीतर ट्रकवर लादायचं, तर जास्तीच्या भिंती वाहणार कोण? म्हणून इथल्या भिंती बांधायच्या नसतात, नुसत्या पाळायच्या असतात. दार दक्षिणेला. आत शिरल्यावर डावीकडची बाजू पाहुण्यांची आणि पुरुषांची: खोगीर, लगाम, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची पिशवी. येणाऱ्याने ते दूध रवीने दोन-चार वेळा घुसळून पुढे जायचं. उजवीकडे भांडीकुंडी आणि बायकांचा कारभार. दारासमोरची जागा देवाची, घरातल्या फोटोंची आणि वडीलधाऱ्यांची. मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, चुलीत कचरा टाकायचा नाही.

गाईड हे सगळं आम्हाला गंभीरपणे समजावत होता. परदेशी पाहुणे म्हणे यात फार चुकतात. आमच्यातलं कोणी चुकलं नाही! एका खोलीत खाट म्हणजे दिवाणखाना, खाटेखाली अभ्यासिका, मोरीचा पडदा सरला की सगळ्यांनी गॅलरीत बघायचं, हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला न दिसणारी भिंत बरोबर दिसते. आमच्या काकू तर आपोआप उजवीकडे गेल्या आणि आजींच्या शेजारी बसून पीठ मळायला लागल्या.

चहाने मात्र परीक्षा पाहिली. त्यात दूध असतं आणि मीठ असतं. "साखर विसरल्या असतील" असं कोणीतरी पुटपुटलं, तोवर दुसरा वाडगा भरला गेला होता. सोबत आलेलं वाळवलेलं दही इतकं टणक की दाताच्या डॉक्टरांनी त्या भागात शाखा काढावी. आम्ही परतफेड म्हणून चिवडा दिला. आजोबांनी आधी कढीपत्ता बाजूला काढला. म्हणजे माणूस कुठलाही असो.

यांना आपण भटके म्हणतो, पण भटकत कोणीच नसतं. प्रत्येक कुटुंबाचं हिवाळ्याचं ठिकाण ठरलेलं, उन्हाळ्याचं ठरलेलं. आपल्याकडे फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तेही ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या शेतांवर मेंढरं बसवायला. आणि लालबागचा चाकरमानी गणपतीला कुठे जातो? त्याच गावी, त्याच पडवीत.

ही घडी मोडते ती झुडाने. झुड म्हणजे जनावरांचा बळी घेणारा हिवाळा; बहुतेकदा गवतावर बर्फाचा असा थर बसतो, की जनावराचं तोंड खाली पोहोचत नाही. 2023-24च्या हिवाळ्यात 70 लाखांहून अधिक जनावरं गेली. कळप गेला की गुराखी राजधानी उलानबातरच्या कडेला येतो, फळ्यांचं कुंपण घालतो, आत तोच गेर उभारतो आणि कामाला लागतो. हिवाळ्यात तिथे एवढा धूर कोंडायचा की 2019 मध्ये सरकारने शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी केली. ती वस्ती बघताना मला माझे आजोबा आठवले. तेही गावची शेती पुरेना म्हणून परळच्या गिरणीत आले. फरक इतकाच, की आजोबांनी फक्त वळकटी आणली होती. हे लोक घर घेऊन येतात. पागडीचा प्रश्न मिटला.

बीडीडीवाल्यांना आता पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत. मिळायलाच हवीत, एका खोलीतल्या आयुष्याचं कौतुक करणारा माणूस बहुतेक तीन खोल्यांत राहतो. मीही राहतो.

तुम्ही जाणार असाल तर जूनअखेर ते ऑगस्ट या दिवसांत जा, जुलैच्या 11 तारखेला नादामचा उत्सव सुरू होतो, कुस्ती आणि घोड्यांच्या शर्यती बघायला मिळतील. गेरपाशी पोहोचलात की दार वाजवू नका, लांबूनच "कुत्रा धरा" म्हणून हाक द्या. तिथली रीत तीच आहे. वाडगा उजव्या हाताने घ्या. आणि आडोशासाठी छत्री न्या, मोठी.