राणी रुंद झाली

शाळेत संस्कृतात बरे मार्क पडायचे, एवढ्या भांडवलावर मी निवृत्तीनंतर लॅटिनच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. "अहो, आधी गॅसचं बुकिंग ऑनलाइन करायला शिका," ही म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

सुरुवात झकास झाली. 'वाहून नेणे' या अर्थाचं क्रियापद निघालं 'फेरो', म्हणजे आपल्या 'भरति'चं चुलत भावंड. त्याचं वर्तमानकालवाचक धातुसाधित 'फेरेन्स'. संस्कृतात हेच 'भरन्', असं मी न विचारता वर्गाला ऐकवलं. भूतकालवाचकाचीही मला धास्ती नव्हती. आपला 'त', त्यांचा 'तुस': ज्ञात तसं नोतुस, श्रुत तसं इन्क्लुतुस. मग भृत तसं फेर्तुस, संपला विषय.

तेवढ्यात वाक्य आलं: 'रेगिना अद इन्सुलाम लाता एस्त.' राणी कळली, बेट कळलं. 'लातुस' कोशात पाहिलं, तर 'रुंद'. मी खणखणीत आवाजात अर्थ सांगितला, "बेटावर पोचेपर्यंत राणी रुंद झाली."

माइक बंद असूनही कोण कोण हसतंय ते स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं.

बाईंनी शांतपणे उलगडून सांगितलं. एक लातुस म्हणजे रुंद. दुसरा, ऱ्हस्व स्वराचा, म्हणजे कूस. आणि तिसरा म्हणजे 'नेलेला'. राणीला बेटावर नुसतं नेलं होतं! हा तिसरा लातुस 'फेरो'चंच रूप म्हणून वावरतो, पण धातू मुळात निराळा. पूर्वी तो 'त्लातोस' होता, पुढचा 'त' झिजला. आपली 'तुला' त्याच धातूची. म्हणून इंग्रजीतलं ट्रान्सफर 'फेरो'कडून आलं आणि ट्रान्सलेशन 'लातुस'कडून. क्रियापद मात्र एकच.

रात्री जेवताना मी तणतणलो, "वर्तमानकाळ एका धातूचा, भूतकाळ भलत्याचाच! ही काय भाषा झाली?"

"आजोबा, बाबा ऑफिसला जाला," नातू म्हणाला.

"जाला नाही रे, गेला!"

"पण 'जातो' म्हणतात ना? मग 'जाला' का नाही?"

'जातो' संस्कृतातल्या 'या' धातूचा, 'गेला' 'गम्'च्या 'गत'मधून आलेला. माझा घास हातातच राहिला.

"आजीला विचार," मी म्हटलं.

"विचारलं. आजी म्हणाली, आजोबांना विचार, ते क्लासला जाले होते."