एक टर्म शिकवून बघू

इंजिनिअरिंगचे सर जळगाव-धुळ्याच्या एसटीतही ओळखू येतात. शर्टाच्या खिशात एक निळं, एक लाल पेन, पँटला खडूचा पांढरा पट्टा आणि सीटवर बसण्याआधी ती हलवून बघायची सवय. आमच्या शेजारच्या सरांचं तर घरच फॅक्टर ऑफ सेफ्टीवर चालतं. दहाची गाडी असली की साडेआठला स्टेशनवर. पाच पाहुणे येणार म्हटलं की भरताची वांगी दहा जणांची. काकू वैतागतात, "अहो, खाणार कोण एवढं?" सर शांतपणे म्हणतात, "लोड कधी वाढेल, सांगता येत नाही."

सर दहावी झाले १९८३ला, अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातून. त्याच वर्षी वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि गिरणेपलीकडे बांभोरीला कॉलेज निघालं. या दोन्ही गोष्टी सर एकाच दमात सांगतात, जणू दादांनी त्यांची मार्कशीट बघूनच सही केली. पुढे मेकॅनिकल, १९८९ला बी.ई. आणि लगेच लेक्चरर. "पुण्याला टेल्कोत जाणार होतो हो, पण इथे शिकवायला कोणी नव्हतं. म्हटलं, एक टर्म शिकवून बघू." ती टर्म अजून चालू आहे.

सर जागचे हलले नाहीत, विद्यापीठंच हलली. शिकले ते पुणे विद्यापीठात. १९९०ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, आणि मग लोणेऱ्याच्या विद्यापीठाचा सिलॅबसही दारात आला. दर वेळी सर नवा सिलॅबस उलटूनपालटून बघतात, "बेंडिंग मोमेंट आहे ना? मग झालं," म्हणतात आणि त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स काढतात.

सबमिशनच्या आठवड्यात मात्र सरांना गाठावं. पोरगं ड्रॉइंगची शीट टेबलावर पसरतं. सर आधी शीट बघतच नाहीत, पोराचे डोळे बघतात. "काय करी राह्यना रे रातभर? जीटी मारी ना?" सर चिडले की अहिराणीत येतात. जीटी म्हणजे काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट छापणं; ते त्यांना कळणार नाही तर कोणाला! १९८६ साली होस्टेलच्या खिडकीची काच कोणी काढली होती, ते फक्त काकूंना माहीत आहे. चार शीटवर एकच सेंटर लाइन एकाच जागी चुकलेली असते. सर लाल पेनानं चारही गोल करतात, दहा मिनिटं झापतात आणि शेवटी म्हणतात, "तारीख टाक." म्हणजे सही मिळाली.

धुळ्याला एक्स्टर्नल म्हणून जाणं हा त्यांचा सण. एरंडोल, पारोळा करत पोहोचायचं, दुपारी शेवभाजी हाणायची, आणि जेवणानंतरच्या व्हायवात कोणाला नापास करायचं नाही. एकदा विचारलं, "स्ट्रेस म्हणजे काय?" पोरगं घामाघूम. म्हणालं, "टेन्शन, सर." सरांनी अर्धा मार्क दिला. "टेन्शन दिलं की स्ट्रेस येतो, हे चूक कुठे आहे?"

पीएच.डी. अनिवार्य झाली तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. विषय जळगावचाच: केळीच्या खोडाच्या धाग्यांपासून कॉम्पोझिट. दोन उन्हाळे गच्चीवर धागे वाळत होते. "अहो, हे वाळवण कधी उचलणार? मला कुरडया घालायच्यात." शेवटी वाटणी झाली, उगवतीला कुरडया, मावळतीला संशोधन.

जून आला की सगळ्या सरांना ॲडमिशनसाठी गावोगाव धाडतात. विकणं हा त्यांचा पिंडच नाही. तापीकाठच्या एका शेतकऱ्याकडे गेले, तर लक्ष मोटारीकडे. तीन इंची डिलिव्हरीला अडीच इंची पाइप, त्यावर चार एल्बो! माहितीपत्रकाच्या पाठीवर त्यांनी घर्षणाचा हिशोब मांडला, आकृती काढून दिली आणि ॲडमिशनचं बोलायचं विसरूनच परतले. पोरगा पुण्याच्या कॉलेजला गेला. पाइप मात्र बदलला, आणि दर श्रावणात सरांकडे केळीचा घड येतो.

लग्नसराईत तर त्यांच्याबरोबर जाण्याची सोय नाही. कुठल्याही मांडवात चार विद्यार्थी पाया पडतात; कोणी महावितरणमध्ये, कोणी ठेकेदार, एखादा दुबईहून आलेला. सरांना नावं आठवत नाहीत, राहिलेले विषय आठवतात. परवा स्टेजवर नवरदेव वाकला, शेजारी सासरे उभे. सरांनी त्याला न्याहाळलं आणि चेहरा उजळला, "तुझा एम-थ्री राहिला होता ना रे?" काकूंनी कोपर मारलं, तसे सर सावरले आणि सासऱ्यांना म्हणाले, "पण तिसऱ्या वेळेला निघाला हो! पोरगा सोडणारा नाही."