प्रयोगवहिनी

पूर्वी प्रत्येक आळीत एक जण पंचांग सांगणारा, एक जण पोटदुखीवर काढा सांगणारा आणि एक जण कुणाचं कुणाशी जमतंय हे सांगणारा असायचा. अलीकडे या पदांत चौथ्याची भर पडली आहे. ती म्हणजे प्रयोगवहिनी. वय तिशीच्या आसपास, पदरी तीन ते सहा वर्षांचं एखादं मूल, आणि स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू दिसली की मनात पहिला प्रश्न : हिचा रंग बदलेल का? लग्नाच्या रिसेप्शनला बाकीच्या बायका नवरीचा शालू न्याहाळत असतात, तेव्हा ही हातातल्या गोकर्णाच्या निळ्या सरबताकडे बघत असते आणि वाढप्याला हळूच विचारते, "लिंबाची फोड मिळेल का हो एक?" मिळाली की निळं सरबत जांभळं होतं, मांडवातली सगळी पोरं तिच्याभोवती गोळा होतात आणि स्टेजवर वधूवर एकटे पडतात.

आमच्या भुईगावात हा वाण चांगला रुजला आहे. आमच्या शेजारची वहिनी म्हणजे त्यातला अस्सल नमुना. माहेर डोंबिवलीचं, शिक्षण कॉमर्सचं. हे दुसरं महत्त्वाचं. ज्यांनी बारावीला सायन्स घेतलेलं असतं त्या बायका सहसा प्रयोगांच्या वाटेला जात नाहीत. त्यांची एकदाची सुटका झालेली असते. हिचं विज्ञान दहावीला अर्धवट राहिलं, ते आता चार वर्षांच्या मुलाकडून पूर्ण करून घेणं चालू आहे. उजव्या हाताचं एक बोट कायम निळं असतं. पर्समध्ये रुमालाच्या जोडीला ड्रॉपर असतो. नवरा सकाळी वसई स्टेशन गाठून चर्चगेटची गाडी पकडतो आणि संध्याकाळी परत आल्यावर, पाणी पिण्याआधी, पेल्यात काय आहे हे विचारून घेतो.

तिचा आमच्या आळीतला पहिला गाजलेला प्रयोग दुधाचा. पसरट ताटलीत दूध ओतायचं, त्यावर खायच्या रंगांचे थेंब टाकायचे आणि मध्ये भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब सोडायचा. रंग कुणी मागे लागल्यासारखे कडेला पळतात. पृष्ठताण मोडतो, साबण दुधातल्या स्निग्धांशाला भिडतो आणि त्या ओढाताणीत रंग फिरत राहतात. सगळं खरं, पण स्निग्धांश जितका जास्त तितकी गंमत जास्त, म्हणून वहिनीने म्हशीचं सायीसकट दूध घेतलं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. रंग पळाले तेव्हा त्यांच्याही तोंडून "अगो बाई" निघून गेलं. मग भानावर येऊन त्यांनी विचारलं, "आता हे दूध पिणार कोण?"

"अहो आई, साबण आहे त्यात."

"तेच विचारते आहे."

रंगही घरचे नव्हते. पलीकडच्या काकी नाताळात केकच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडून वाटीभर साखर मागून आणावी तशा वहिनीने लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगाच्या बाटल्या मागून आणल्या होत्या. बाटल्या परत गेल्या, पण नुसत्याच. यंदा नाताळला काकींच्या केकवर आयसिंग पांढरंशुभ्र होतं. "प्लेनच बरं दिसतं," काकी म्हणाल्या. म्हणताना त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही.

प्रयोगवहिनीची मुख्य अडचण रंगांची नसते, मुलाची असते. मुलाने बघावं, चकित व्हावं आणि "आई, हे असं का झालं?" असं विचारावं, अशी संहिता तिने आदल्या रात्री मनात लिहिलेली असते. शिवाय मोबाइल वाटीला टेकवून ठेवलेला असतो. चकित होण्याच्या ऐन क्षणी तो पडतो. मग "थांब, थांब, परत टाक, आणि परत 'अरे वा' म्हण," असं सुरू होतं. मूल दुसऱ्यांदा "अरे वा" म्हणतं ते वर्गात हजेरी देताना म्हणतात त्या आवाजात.

आणि मुलाची स्वतःची एक वेगळी संशोधनाची दिशा असते. पिवळ्या आणि निळ्या पाण्याचे दोन पेले, मध्ये एक रिकामा, तिघांना जोडणाऱ्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या, असा सरंजाम वहिनीने एका रविवारी मांडला. कागदाच्या बारीक तंतूंतून पाणी आपोआप वर चढतं, पलीकडे उतरतं आणि मधल्या पेल्यात हिरवं होतं. याला तास-दोन तास लागतात. चार वर्षांच्या मुलासमोर तास-दोन तास पाणी चढताना बघत बसायचं, ही कल्पना ज्याने पहिल्यांदा मांडली त्याला मूल नसावं. तरी हिरवा रंग आला. वहिनीने टाळ्या वाजवल्या. चिरंजीवांनी शांतपणे हिरव्यात पिवळं ओतलं, निळं ओतलं, कोपऱ्यातला लाल पेला शोधून तोही ओतला, बोटाने ढवळलं आणि विजयी मुद्रेने जाहीर केलं, "आई, बघ! बावखल झालं!"

आमच्याकडे वाड्यांतल्या तळ्यांना बावखल म्हणतात. मे महिन्यात त्यांचं पाणी आटत येतं तेव्हा जो रंग उरतो, नेमका तो त्याला साधला होता. वहिनीचा चेहरा पडला. मला मात्र तो त्या दिवसाचा खरा शोध वाटला. लाल, पिवळं, निळं सगळं एकत्र आलं की प्रत्येक रंग उजेडाचा आपापला वाटा गिळून बसतो आणि डोळ्यापर्यंत येतो तो मातकट उरलासुरला. घरोघरचा कुठलाही रंगप्रयोग मुलाच्या हाती पूर्ण सोपवला, तर सुरुवात कशीही असो, शेवट मातकटच होतो. प्रयोगवहिन्यांचं हे सामायिक दुःख आहे आणि त्याबद्दल त्या आपसांतही बोलत नाहीत.

न्यूटनने सुद्धा तिला दगा दिला. 1704 साली त्याचं 'ऑप्टिक्स' आलं, पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात हे त्यात सिद्ध झालं, तेव्हापासून सात रंगांची चकती फिरवून पांढरी करायची हा शाळेतला नेम आहे. वहिनीने पुठ्ठ्याची चकती कापली, स्केचपेनांनी रंगवली आणि भोवऱ्यावर बसवली. राखाडी दिसली. वेग कमी पडतो म्हणून टेबलफॅनच्या मध्यावर चिकटवली. अधिक वेगात राखाडी दिसली. स्केचपेनाचे रंग म्हणजे शुद्ध उजेड नव्हेत. ते अर्धाअधिक प्रकाश आधीच खाऊन टाकतात, मग पांढरं कुठून येणार? "पांढरं दिसतंय ना?" तिने मुलाला विचारलं. "नाही." "नीट बघ." "आई, मळकं आहे." इतकं प्रामाणिक निरीक्षण झालं की खरं तर शाबासकी द्यायची असते. तिने पंखा बंद केला.

सासूबाईंचा या सगळ्याला विरोध आहे असा आळीत समज आहे, तो बरोबर नाही. त्यांचा विरोध खर्चाला आहे. हळदीत साबण कालवला की ती लाल होते, हे सूनबाईने मोठ्या थाटात दाखवलं, तेव्हा सासूबाई पान लावत होत्या. त्यांनी कात-चुना लावलेला विडा तोंडात टाकला, चार वेळा चावला आणि लालभडक जीभ बाहेर काढून नातवाला दाखवली. "माझ्या तोंडात रोज होतो हा प्रयोग. हळद न सांडता." पूर्वी हळदीला चुन्याचा संस्कार देऊनच कुंकू करत, हेही त्यांनीच सांगितलं. मग पोराने चुन्याच्या डबीला हात घातला, तेव्हा दोघी एकदमच ओरडल्या, कारण चुना डोळ्यात गेला तर खेळ उरत नाही. त्या दिवशी घरात प्रथमच सासू-सुनेचं एकमत झाल्याचं आम्ही कुंपणाअलीकडून ऐकलं.

दुसरं एकमत शर्टावरून झालं. नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर हळद उडाली. वहिनीने साबण लावला. डाग लाल झाला. ऑफिसला जायच्या वेळी हा माणूस पोटावर कुंकू लावल्यासारखा उभा. सासूबाई म्हणाल्या, "धू आणि उन्हात टाक, जातो." खरंच गेला. हळदीतल्या रंगद्रव्याला ऊन सोसत नाही, ते मोडून जातं, हे वहिनीने रात्री शोधून काढलं आणि सकाळी सासूला समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी म्हटलं ते बरोबर," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांचं दुःख निराळं. त्यांची फुलांची वाडी. वसईतली फुलं पहाटेच्या गाडीने दादरला जातात, तशी त्यांचीही जातात. सुनेने जास्वंदी मागितली, त्यांनी दिली. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबाने गुलाबी आणि खायच्या सोड्याने हिरवा होतो, हे बघून ते हसलेही. मग तिने पांढऱ्या शेवंतीचे देठ तिरपे कापून निळ्या पाण्यात ठेवले. देठातल्या नळ्यांनी पाणी चढलं आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडा निळ्या झाल्या. ते बराच वेळ त्या फुलाकडे बघत राहिले. सून उत्साहाने केशाकर्षण समजावत होती. त्यांनी मध्येच विचारलं, "एका बाटलीत किती देठ भिजतील?" रंगवलेला निशिगंध बाजारात चालतो हे त्यांना ठाऊक होतं. घरात विज्ञानाला पहिलं अनुदान मिळालं ते असं.

कुणी फार टोकलं तर वहिनीकडे एक ठेवणीतलं अस्त्र आहे. "ताराबाई मोडकांनी काय वेगळं केलं?" असं ती विचारते. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला, आजच्या आपल्याच पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, आणि विकतच्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले घ्यायचे, हे त्यांनी करून दाखवलं. वहिनीचं म्हणणं अगदीच चूक नाही. फरक एवढाच, की ताराबाई शिंपला मुलाच्या हातात देऊन थांबत असाव्यात. आमच्या वहिनीला थांबणं जमत नाही. तरी रविवारी तिच्या ओट्यावर आळीतली निम्मी पोरं असतात आणि त्यांचे आईबाप घरी निवांत झोपलेले असतात, म्हणून मी यापुढे काही बोलत नाही.

परवाचा प्रसंग मात्र सांगायला हवा. मुलाच्या शाळेत चित्र रंगवायला दिलं : होडी, नारळाचं झाड, समुद्र. त्याने समुद्र तपकिरी रंगवला. खाली लाल शेरा आला : 'समुद्र निळा असतो.' पोराला कळेना. त्याचा समुद्र म्हणजे भुईगावचा. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की पुढे ओहोटीला लांबवर चिखल, हिवाळ्यात त्यावर कुरव पक्षी, आणि त्यापलीकडे खाड्यांचा गाळ घेऊन आलेलं पाणी. 1921 साली सर सी. व्ही. रामन बोटीतून परत येताना भूमध्य समुद्राच्या निळाईने भारावले, ती निळाई म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नव्हे असं त्यांनी दाखवलं, आणि ते लिहून बोट मुंबई बंदरात असतानाच 'नेचर'ला धाडलं. ती बोट जरा उत्तरेला सरकून आमच्या ओहोटीत रुतली असती, तर त्यांनी वेगळाच विषय निवडला असता.

इतके दिवस मातकट रंगाशी लढणारी वहिनी त्या शेऱ्याने उलटली. "माझ्या मुलाने बघून रंगवलाय," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी ती किनाऱ्यावर जाऊन बरणीभर समुद्र घेऊन आली. रात्रभर ओट्यावर ठेवल्यावर गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. निळं नाही, तपकिरीही नाही. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, आणि प्रथमच तिने मुलाला का, कसं, काय विचारलं नाही. दोघं नुसतीच बरणीकडे बघत बसली.

सकाळी पालकसभा होती. वहिनीने स्कूटर काढली, बरणी मागे बसलेल्या पोराच्या मांडीत दिली. "हलवू नकोस," असं तिने तीनदा बजावलं, त्यामुळे शाळा येईपर्यंत त्याने ती सतत हलवली. वर्गात पोचली तेव्हा आतला समुद्र त्याने चित्रात रंगवला होता तंतोतंत तसा झाला होता. वहिनीने रामन सांगितले, गाळ सांगितला, उजेड सांगितला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, बरणी दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेली, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "याला कैरीच्या लोणच्याचा वास का येतोय?"