बदली अधिकारी

पनवेलच्या जुन्या आळ्यांत असा एक गृहस्थ हमखास सापडतो. नाव काहीही असो, सगळे काकाच म्हणतात. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला. एका गाडीचा सुटा भाग दुसरीला लावायचा आणि गाडी मार्गाला लावायची, हा शिरस्ता. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, शिरस्ता सुटला नाही. तो भांड्यांवर आला. 'भांडं रिटायर होत नाही, त्याची बदली होते,' हे काकांचं ब्रीद.

बदलीचे आदेश सकाळच्या चहाबरोबर निघतात. थर उडालेला नॉनस्टिक तवा स्वयंपाकघरातून कायमचा हलतो आणि गॅलरीत कुंडीखाली जातो. बूड फुटलेलं जर्मनचं पातेलं थेट कुंडी होतं; 'भोक पाडायचेही कष्ट वाचले!' कुकरच्या जुन्या शिट्ट्या पडद्याच्या शिवणीत वजनाला, त्यामुळे वारा सुटला की हॉलमध्ये कीर्तन सुरू. जुना कुकर मात्र ते पुन्हा गॅसवर चढू देत नाहीत. वाफेशी मस्करी नको. त्यात तांदूळ भरून ठेवतात.

काकांना खरं बघावं ते भंगारवाल्याकडे. पत्र्याच्या ढिगापुढे उकिडवे बसून ते बिडाचा तवा बोटाच्या पेराने वाजवतात. टण्ण वाजला तर सौदा, भद्द वाजला तर तडा. भाव किलोवर, तेव्हा गंजाचं वजन वजा कर, इथपर्यंत घासाघीस जाते. घरी आल्यावर नारळाची शेंडी आणि राख घेऊन तवा घासायचा, लगेच विस्तवावर कोरडा करायचा, तेलाचा पातळ हात फिरवायचा, वर कांदा परतायचा. हे दिवसेंदिवस चालतं. पहिली घावनं उलथन्याने खरवडून काढावी लागतात. ती काका स्वतः खातात, एवढं मान्य केलं पाहिजे. मग एका सकाळी जाळीदार घावन अलगद सुटून येतं आणि काकू काही न बोलता दुसरं घालतात. त्या घरात यालाच प्रशस्तिपत्रक म्हणतात.

एवढा माल येतो कुठून? इथली नगरपालिका 1852 ची. तिची 2016 मध्ये महापालिका झाली, म्हणजे गावालाच बढती मिळाली. वाडे पडून टॉवर उठले. फ्लॅटला माळा नाही आणि गीझर आल्यावर तांब्याच्या बंबाला कोण विचारतो? हंडे, घंगाळी, पराती निघतात मोडीत. त्या काट्यावर चढायच्या आत काका हजर. बंबात त्यांनी मनीप्लांट लावलाय. जास्तीचं पाणी तोटीतून सोडता येतं. ही सोय कुठल्या नर्सरीवाल्याला सुचली? पितळेच्या पातेल्यावर कल्हई नसेल तर आंबट आमटी कळकते, हे ते आळीतल्या नव्या सुनांना इतकं तपशिलात सांगतात, की सुना सरळ स्टील घेतात. कल्हईवाला भेटेपर्यंत पातेली कांदे-बटाट्यांच्या सेवेत असतात.

काकू म्हणतात, यांनाच पुण्याच्या केळकर संग्रहालयात नेऊन ठेवा. काकांना ती तुलना सोसत नाही. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी जमवली, ती लोकांनी बघावीत म्हणून. काचेमागे बसलेलं भांडं म्हणजे काकांच्या लेखी फुकटचा पगार.

परवा चौदाव्या मजल्यावरचं एक जोडपं 'अँटिक' परात बघायला आलं. काठावर कोरलेलं 'मामांकडून सप्रेम भेट' वाचलं आणि नवरा गप्पच झाला. परात त्याच्या आजीची निघाली, त्याच्याच वडिलांनी मोडीत घातलेली. किती द्यायचे, असं त्याने विचारताच काका भडकले. पैसे भंगारवाला घेतो. इथे बदलीला बदली लागते. परातीच्या जागी त्यांनी एक झाकण मागितलं: दहा इंची, पितळी, वर गोल मूठ.

ते झाकण अजून मिळालेलं नाही. वाचकांपैकी कोणाकडे पडून असेल तर जरूर कळवावं. फक्त निरोप काकूंच्या हाती देऊ नये.